दूध बंद

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "झाली का?" चहा झाला का, धारा झाल्या का, हे नंतर. आधी माझी मुलगी संडासला झाली का ते. नवरा कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. शिफ्ट सुटली की गेटवरून पहिला फोन घरी आणि पहिलं वाक्य हेच. कंपनीच्या बसमधली माणसं सुरुवातीला हसायची म्हणे. आता तीच विचारतात, "काय, झाली का पोरगी?" ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. त्या एका उत्तरावर आमच्या घरातला अख्खा दिवस ठरतो, हे ज्याच्या घरी असं मूल आहे त्यालाच कळेल.

मुलगी सहा वर्षांची आहे. बोलत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला तेव्हा ती तीनची होती. मी बी. ए. झालेली बाई, पण तोवर हा शब्द माझ्या कानावरून गेला नव्हता. सासूबाई तो म्हणायच्या भानगडीतच पडत नाहीत. कुणी विचारलं तर त्या म्हणतात, "तिचं तिचं हाय." म्हणजे तिचं जग तिचं आहे, तुम्ही तुमचं बघा. खुटबावच्या आमच्या वस्तीवर एवढं उत्तर पुरतं.

ती बोलत नाही म्हणून लोक माझी कीव करतात. लग्नात, बारशाला, कुठंही गेलं की कुणीतरी बाई जवळ येऊन विचारते, "अजून आई म्हणत न्हाई व्हय गं?" मला राग पटकन येतो, लग्नाआधीपासूनच येतो, पण तिथं मी गप्प बसते. कारण माझं दुखणं वेगळं आहे आणि ते त्या बाईला सांगून कळणार नाही. माझ्या मुलीला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, हे माझं दुखणं. चार-चार, पाच-पाच दिवस तिचं पोट साफ होत नाही. मग ती स्वतःचं मनगट चावते. डाव्या मनगटावर चावून चावून घट्टा पडलाय. भिंतीवर डोकं आपटते. बघणारे म्हणतात, या मुलांचं असंच असतं. असंच असतं म्हणजे काय? तुमचं पोट आठवडाभर तटलं आणि तोंडाला कुलूप असलं, तर तुम्ही काय भजन म्हणाल? मला तिच्याकडून एवढंच पाहिजे होतं, की तिनं बोट ठेवावं आणि दाखवावं, इथं. दात, कान, पोट, काय ते. आई म्हणून हाक नको मारू बाई, पण कुठं दुखतंय तेवढं सांग. रोज तिची वेणी घालताना मी हे तिला म्हणायचे. ती खिडकीच्या गजाकडे बघत बसायची.

खाण्याची तर तऱ्हाच वेगळी. बाजरीची भाकरी, कोमट दुधात कुस्करलेली, आणि तीही कडा चेपलेल्या एका जुन्या स्टीलच्या ताटलीत. ताटली बदलली की जेवण बंद. भाजी नाही, वरण नाही, फळ नाही. एकदा मी तशीच दुसरी ताटली आणून तिची कड हातोडीनं चेपली. तिनं एकदा बघितलं आणि उठून गेली.

आम्हा आयांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथं एकीनं पुण्यातल्या डाएटवाल्या मॅडमचा नंबर टाकला. व्हिडिओ कॉलवर मॅडम गोड बोलल्या. म्हणाल्या, "या मुलांचं आतडं नाजूक असतं. दूध आणि गहू दोन्ही बंद करा. आतडं सुधारलं की डोकं शांत होतं. काही मुलं तर बोलायला लागतात." त्या "काही मुलं" म्हणाल्या होत्या, हे मला आता नीट आठवतं. तेव्हा मी फक्त "बोलायला लागतात" एवढंच ऐकलं.  इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे करा म्हणून ठामपणे सांगत होतं.

गव्हाचं मला काही वाटलं नाही, आम्ही बाजरी खाणारीच माणसं. पण बाजरीतही गव्हाचं पीठ मिसळता कामा नये, असं मॅडमनी बजावलं होतं. आमच्याकडे गिरणीत बायका गव्हावर गहू आणि बाजरीवर बाजरी असाच नंबर लावतात, नाहीतर पोळ्या काळ्या होतात. तरी आधीच्या दळणाचं मूठभर पीठ जात्यात राहतंच. मी गिरणीवाल्याला म्हटलं, आधी मूठभर बाजरी दळून टाकून द्या, मग माझं दळण घाला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पोरीला गव्हाचा विटाळ झालाय जणू." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "व्हय, झालाय. तुम्हाला पोळ्या काळ्या झालेल्या चालत न्हाईत, मला माझी पोरगी तळमळलेली चालत न्हाई." मग कुणी हसलं नाही, पण ती म्हातारी त्यानंतर माझ्याशी बोलायचीही बंद झाली.

खरा प्रश्न दुधाचा होता. आमच्या गोठ्यात चार जर्सी गाई. सकाळ-संध्याकाळ कॅन भरून दूध डेअरीला जातं. घरात चहा सायीचा. अशा घरात मी चुलीसमोर उभी राहून सांगितलं, "आजपासून पोरीला दूध बंद."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "कंच्या गाईचं?"

"सगळ्याच. गोठ्यातल्या दुधाचा एक थेंब तिच्या तोंडात जाता कामा नये."

"ताक?"

"ताकपण नाही, आत्या."

"बरं," त्या म्हणाल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीला पहिल्या झटक्यात बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मी खूश झाले. वाटलं, नातीसाठी म्हातारी वाकली.

पुढचे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. वरणाच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी तिनं ढकलली. नारळाच्या दुधातली ढकलली. पुण्याहून मागवलेलं सोयाचं पाकीट फोडलं, तर त्याच्या नुसत्या वासानं ती हौदामागं जाऊन बसली. सकाळी गोठ्यात धारेचा आवाज सुरू झाला की ती ताटली घेऊन दाराशी यायची, ताटली जमिनीवर आपटायची, आणि मी तिला उचलून आत आणायचे. तिच्या कमरेवरची चड्डी सैल झाली. नवरा म्हणाला, "बास कर आता. मरंल पोरगी." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या उसात पाणी धरणारा गडी कान देऊन उभा राहिला. मॅडम म्हणत होत्या, सुरुवातीला त्रास होतोच, दम धरा. मी दम धरला होता, पण रात्रंदिवस जीव टांगणीला होता.

याच सुमाराला दौंडच्या डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं पातळ औषधही सुरू केलं होतं. आणि सासूबाई संध्याकाळी तिला शेजारच्या वस्तीवर चक्कर मारायला न्यायला लागल्या. तिथं शेळ्या आहेत, करडं बघून ती रमते, असं त्या म्हणाल्या. मला तेवढाच श्वास मिळायचा.

मग हळूहळू ती कोरड्या भाकरीचे पापुद्रे खायला लागली. आणि एके सकाळी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली. मनगटाला तोंड लावणं कमी झालं. झोपायला लागली. एकदा झोपाळ्यावर बसून आपणहून हसली, कारण नसताना. मी माहेरी फोन केला, नणंदेला फोन केला, मॅडमना फोन करून रडले. ग्रुपवर आवाजातला लांबलचक मेसेज टाकला. दौंडच्या थेरपी सेंटरला शटल रेल्वेनं जायचे तेव्हा मी डब्यातल्या अनोळखी बायकांनाही सांगायचे.

सेंटरला शिरूरची एक बाई यायची. नवरा रांजणगावच्या कंपनीत, शिरूरला अशी थेरपी मिळत नाही, म्हणून न्हावरा-चौफुला करत दोन गाड्या बदलून ती लेकीला घेऊन दौंडला यायची. पोरगी माझ्या पोरीपेक्षा लहान, आणि खाणं नुसता दहीभात. ती मला म्हणाली, "ताई, माझी तर दह्यावरच जगतीय. बंद केलं तर काय खाईल?" मी म्हटलं, "माझी काय खात होती? घट्ट राहा. माझ्याकडं बघा." तिनं माझ्याकडं बघितलं. माझी पोरगी शांतपणे ठोकळे लावत होती, तिच्याकडं बघितलं. पुढच्या आठवड्यात तिनं दही बंद केलं.

दोनेक महिन्यांनी सासूबाईंच्या भावजयीला बरं नव्हतं म्हणून त्या चार दिवस शिरूरकडं माहेरी गेल्या. दुसऱ्याच संध्याकाळी पोरगी दारात जाऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना. परत आली, माझं मनगट धरलं आणि ओढायला लागली. तिला काही हवं असलं की ती असंच करते. माझ्या डोळ्यांत बघत नाही, फक्त हात धरून नेते, माझा हात म्हणजे तिचं अवजार असल्यासारखा. मी चपला घातल्या. उसाच्या कडेच्या बांधावरून ती मला थेट शेजारच्या वस्तीवर घेऊन गेली, शेळ्यांच्या कुडाच्या आत. एका पांढऱ्या शेळीपाशी थांबली, खाली बसली, आणि माझा पंजा तिनं शेळीच्या कासेला लावला.

मला काहीच समजेना. एवढ्यात शेजारच्या काकी हातात पितळी वाटी घेऊन बाहेर आल्या. "आज आत्याबाई न्हाईत व्हय? तूच आलीस? थांब, काढून देते. रोजचं वाटीभर असतंय तिचं."

"रोजचं?"

"व्हय की. धारोष्ण पिती. पिऊन झालं की वाटी चाटती बघ." त्यांनी धार काढली. पोरीनं वाटी दोन्ही हातांनी धरली, एका दमात संपवली, आणि खरंच वाटी चाटली.  काकींना माझा चेहरा बघून काहीतरी चुकल्याचं कळलं असावं. त्या म्हणाल्या, "तुला ठाऊक हाय असं वाटलं मला."

सासूबाई परत आल्या तेव्हा मी त्यांना ओट्यावरसुद्धा बसू दिलं नाही. पिशवी हातात असतानाच विचारलं. त्या अजिबात बावरल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

"तू दूध बंद म्हणलीस, दूध बंदच केलं की. गोठ्यातला थेंब दिला का मी तिला? इचार तुझ्या नवऱ्याला."

"मग शेळीचं काय असतं, आत्या? पाणी?"

"शेळीच्याला कोण दूध म्हणतं गं? त्ये औषध हाय. शेळी धा झाडांचा पाला खाती. तुझा नवरा काविळीत कशावर जगला? तवा बी डॉक्टरनं दूध बंदच सांगितलं हुतं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. लपवत तर मुळीच नव्हत्या. त्यांच्या हिशेबी दूध गाईचं आणि म्हशीचं, ते डेअरीला जातं, त्याचा चहा होतो. शेळीचं वाटीत काढून आजाऱ्याला देतात. त्यांनी माझा शब्द पाळला होता आणि नातही जगवली होती, आणि मी त्यांच्यावर का ओरडतेय ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं. नवरा आधी हसला. मग माझ्याकडं बघून गाडी पुसायला बाहेर गेला.

मला काय झालं ते मी कुणाला सांगू शकले नाही. म्हणजे दूध कधी बंदच नव्हतं. मॅडमचा डाएट माझ्या घरात एक दिवसही धड झाला नव्हता. मग पोरगी सुधारली ती कशानं? डॉक्टरच्या पातळ औषधानं? संध्याकाळच्या चालण्यानं? शेळीच्या दुधानं? की नुसतीच, तिचं तिचं? मला एक दार उघडलंय असं वाटत होतं, आणि त्या दारामागं भिंत होती.

शिरूरच्या बाईला मी फोन केला. सगळं जसंच्या तसं सांगितलं.  मग ती म्हणाली, "ताई, मला आता ते सांगू नका." मी म्हटलं, "अहो, निदान दही तरी चालू करा. पोरगी वाळलीय तुमची." ती म्हणाली, "दोन महिने मी तिचं रडणं ऐकलंय. आता चालू केलं तर ते कशासाठी ऐकलं?" तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती सेंटरला दिसली नाही. माझा फोनही उचलत नाही. तिच्या लेकीच्या वर आलेल्या गुडघ्यांच्या वाट्या मला अजून डोळ्यांपुढे दिसतात.

मी दूध चालू केलं. त्याच चेपक्या ताटलीत, कोमट, भाकरी कुस्करून. पोरगी मधे काही झालंच नाही अशी येऊन बसली आणि खायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "शेळीचं बी राहू दे." म्हटलं राहू दे. मला आता कशालाच नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. काही दिवस बरे गेले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला शेळीच्या दुधाचं गुणगान सांगायला लागल्या, अगदी मी डाएटचं सांगायचे तसंच. मी ऐकून घ्यायचे.

मग उन्हाळा लागला आणि तिचं पोट पुन्हा तटलं. औषध तेच, शेळी तीच, चालणं तेच. सासूबाईंचं गुणगान आपोआप थांबलं. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण ओट्यावर मुकाट बसलेली म्हातारी बघून वाईटच वाटलं. दौंडच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. काळ्या कागदावर पांढरे ढग दाखवून म्हणाले, "हे सगळं साठलेलं आहे. दुखत असणार तिला." औषध वाढवलं. म्हणाले, "हे पुन्हा पुन्हा होईल. या मुलांत पोटाचा त्रास फार दिसतो. औषध बरेच महिने घ्यावं लागेल, रोज ठरल्या वेळी बसवा, पाणी पाजा. आणि चांगलं चाललेलं अन्न बंद करून तिला उपाशी मारू नका."

"आणि बोलायचं?"

"दुधाचा आणि बोलण्याचा संबंध आहे, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"मग कशाचा आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढचा पेशंट आत आला.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ. नवरा पहिल्या शिफ्टला. सासूबाई पडवीत शेंगा फोडत बसलेल्या. पोरगी सकाळपासून मनगट चावत होती, मी दोनदा फडकं बांधलं, दोनदा तिनं सोडलं. औषध पाजून झालं होतं. गरम पाण्यात बसवून झालं होतं. मी भांडी घासायला घेतली तेवढ्यात ती आली आणि तिनं माझं ओलं मनगट धरलं. मला वाटलं, शेळी. म्हटलं, चल बाई, आणि चपला शोधायला लागले.

ती दाराकडे गेलीच नाही. मला ओढत खोलीत नेलं, फरशीवर आडवी झाली, फ्रॉक वर घेतला, आणि माझा पंजा स्वतःच्या पोटावर ठेवला. डाव्या अंगाला, खाली. वर आपले दोन्ही हात ठेवून दाबला. बघत होती मात्र भिंतीकडे.

पोट दगडासारखं कडक होतं. फोटोत डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं ते याच जागेवर.

वेणी घालताना मी रोज जे मागत होते ते तिनं मला दिलं होतं. कुठं दुखतंय ते सांगितलं होतं, एकही शब्द न बोलता, जसं शेळीचं सांगितलं होतं तसंच. शेळीपाशी निदान काकी वाटी घेऊन आल्या होत्या. आता माझ्याजवळ काय होतं? जे द्यायचं ते सगळं सकाळपासून देऊन झालं होतं. मी रडले. तिच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं, आवाज नव्हता. डोळे पुसायला मी हात उचलला, तर तिनं तो परत ओढून तिथंच ठेवला.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. हातातल्या शेंगा तशाच. "सांगितलं तिनं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि उंबऱ्यावर बसल्या.

मोबाईल वाजला. शिफ्ट सुटली होती. सासूबाईंनी उचलून माझ्या कानाशी धरला.

"झाली का?"

"नाही," मी म्हटलं. "पण कुठं दुखतंय ते दाखवलं तिनं. माझा हात धरून दाखवलं."

 मागं बसचं इंजिन चालू होतं, कुणीतरी त्याला हाका मारत होतं.

"मग?" तो म्हणाला. "मग आता काय करायचं?"

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पोरगी भिंतीकडे. माझा हात तिच्या पोटावर होता, तो मी तसाच ठेवला.